किती स्टारचा बिल्डर?

“सात स्टार? अगं, हॉटेलवाल्यांचंसुद्धा पाचात भागतं!”

काकूंनी माहितीपत्रक हातभर लांब धरलं होतं. चष्मा घरात राहिला की त्या असंच वाचतात, आणि तरीही नेमकं बारीक अक्षरातलं आधी वाचतात. त्यांच्या आणि आमच्या घरामधली भिंत छातीपर्यंतच आहे. कोथरूडच्या जुन्या प्लॉटच्या सोसायट्यांत ती तेवढीच बांधायचे. त्यामुळे आमच्याकडे कोण आलं आणि त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, याची नोंद दोन्ही घरांत असते.

आमच्या चिरंजीवांचं ऑफिस खराडीला. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाऊन-येऊन पोरगं मेटाकुटीला आलं, म्हणून वाघोलीला टू बीएचके बघून आला. सॅम्पल फ्लॅट, एसी, कॉफी आणि निघताना हातात हे जाडजूड पत्रक. वर सोनेरी शिक्का, त्यात सात चांदण्या आणि ‘सर्वात विश्वासार्ह विकसक’ अशी अक्षरं. मी तेच भिंतीवरून काकूंच्या हातात दिलं होतं, जरा कौतुकानंच.

“देणारा कोण, आणि त्याचं बिल कुणी भरलं? चांदणी दिसली की हे दोन प्रश्न विचारायचे,” काकू म्हणाल्या. “हे पुरस्कार बिल्डरनं स्वतः अर्ज करून, फी भरून घ्यायचे असतात बऱ्याचदा. समारंभात टेबल घ्यायचं, फोटो काढायचे, शिक्का छापायचा. तिकडे तुमच्या गॅलरीला गळती लागली की तो पुरस्कार काही बादली घेऊन येत नाही.”

काकूंचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं, कारण त्यांची सगळी नोकरी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात गेली. पुण्यातल्या अर्ध्या बिल्डरांच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या असं त्या म्हणतात. अर्ध्या नसतील, पण पुष्कळ असाव्यात.

मी म्हटलं, “पुरस्काराचं सोडा. पण रेटिंग करणाऱ्या मोठ्या कंपन्या असतात ना? त्यांचं तरी खरं मानायचं की नाही?”

“क्रिसिलनं काढले होते की शहरवार स्टार. ‘पुणे सिक्स स्टार’, ‘पुणे फाइव्ह स्टार’ असे होर्डिंगवर लागायचे. सातपैकी. काम ते करायचे नीट, मी नाही म्हणत नाही. कागद बघायचे, साईटवर जायचे, बिल्डरचं आधीचं काम तपासायचे. पण अर्ज बिल्डरनंच करायचा आणि पैसेही त्यानंच द्यायचे. ज्याला आपले मार्क कमी पडणार हे ठाऊक आहे, तो परीक्षेलाच कशाला बसतोय?”

एवढ्यात पलीकडच्या प्लॉटमधून अण्णा आले. अण्णा महापालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. बिल्डर हा शब्द कुठेही उच्चारला गेला की त्यांना ऐकू जातो, एरवी श्रवणयंत्र लागतं.

“रेटिंगचं काय सांगता वहिनी,” ते म्हणाले, “पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसला २०१८ च्या ऑगस्टपर्यंत ट्रिपल ए होतं. त्याच्यावर अक्षर नाही. सप्टेंबरात डी! डी म्हणजे बुडाले. लोकांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे त्यात होते. आणि अमेरिकेत २००८ ला काय झालं? गृहकर्जांच्या गाठोड्यांना मूडीज आणि एस अँड पीनं ट्रिपल ए दिलं होतं. तिथेही फी गाठोडी विकणाऱ्यांनीच भरलेली.”

“तरी ते कर्जाचं रेटिंग,” काकूंनी दुरुस्त केलं. बँकेतल्या माणसाला असं सरमिसळ केलेलं चालत नाही. “कर्जाचं रेटिंग सावकारासाठी असतं. बिल्डर कंपनी बँकेचे हप्ते फेडेल का, एवढंच ते सांगतं. तुमचा सातवा मजला दिवाळीपर्यंत होईल का, हे त्यात नसतं. लोक मात्र जाहिरातीत ‘ए’ बघतात आणि खूश होतात.”

माझ्याकडे अजून एक हुकमाचं पान होतं. “पण काकू, या प्रकल्पाला चार मोठ्या बँकांची मान्यता आहे. तुमच्याच बँकेची पण आहे.”

काकू हसल्या. ते हसू मला माहितीय. पुढे दहा मिनिटं जातात.

“अगं, ती मान्यता मीच द्यायची ना! वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, सातबारा आणि फेरफार बघतो, बिनशेती आदेश, बांधकाम परवाना, सगळं बघतो. का बघतो? उद्या तुझ्या मुलानं हप्ते थकवले तर ते घर आम्हाला विकता यावं म्हणून. बँक स्वतःचं तारण सांभाळते. पझेशन तीन वर्षं लांबलं तरी बँकेचा हप्ता चालूच राहतो, उलट आधी प्री-ईएमआय आणि मग पूर्ण हप्ता, घरभाडं वेगळंच. आमच्या टेबलासमोर येऊन लोक रडायचे, ‘तुम्हीच मान्यता दिली होती.’ दिली होती. पण कशाची, ते कुणी विचारलं नव्हतं.”

अण्णा म्हणाले, “सोडा हो स्टार नि मान्यता. पुण्यात एकच रेटिंग चालायचं, नाव. नावावर घरं खपायची.”

“आणि डीएसके?” काकू.

अण्णा गप्प झाले. पुण्यात हे नाव निघालं की सगळे क्षणभर असेच गप्प होतात, कारण प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी ठेवीदार निघतो. ‘घराला घरपण देणारी माणसं’ हे वाक्य शाळकरी पोरांनाही पाठ होतं. डी. एस. कुलकर्णी म्हणजे मराठी माणसानं धंदा कसा करावा याचं चालतं-बोलतं उदाहरण. भाषणांना गर्दी व्हायची. आणि मग २०१७ च्या ऑक्टोबरात ठेवीदारांच्या तक्रारीवरून शिवाजीनगर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयात पन्नास कोटी भरायचं कबूल केलं, ते भरता आले नाहीत, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पती-पत्नींना दिल्लीतून अटक झाली. फुरसुंगीची ड्रीम सिटी स्वप्नातच अडकली. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली. डीएसकेंना जामीन मिळाला तो २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून.

काकू म्हणाल्या, “मला सांग, २०१२ साली कुणी पुण्यात फिरून विचारलं असतं, या बिल्डरला दहापैकी किती मार्क, तर काय उत्तर आलं असतं? दहा. मीही नऊ दिले असते. आणि ते मार्क बांधकामाला चुकीचे नव्हते. त्यांच्या जुन्या इमारतींत राहणारी माझ्या ओळखीची माणसं आजही भिंतींना नावं ठेवत नाहीत. दुखणं दुसरीकडेच होतं. लोकांच्या मुदत ठेवी, कर्जं, अवाढव्य प्रकल्प. मागच्या इमारतीची भिंत कितीही ठोकून बघितली तरी पुढच्या प्रकल्पाचा पैसा कुठून येतोय ते त्यातून कळत नाही.”

मला हे पटलं, आणि त्याचबरोबर थोडी भीतीही वाटली. स्टार खोटे, बँक आपल्या सोयीची आणि नावाचाही भरवसा नाही, मग माणसानं घर घ्यायचं तरी कसं? पूर्वी काकूंच्या पिढीनं प्लॉट घेतले, गवंडी शोधला, विटा स्वतः मोजल्या. आता आपण कागदावरच्या हवेतल्या चौकोनाला ऐंशी लाख देतो.

“मग सरकारच का नाही देत मार्क?” मी विचारलं. “महारेरा आहे ना!”

इथे दोघंही एकदम बोलायला लागले. अण्णांना कायदा सांगायचा होता आणि काकूंना त्यातली गोम. काकू जिंकल्या.

गोष्ट अशी की प्रतवारीची कल्पना रेरा कायद्यातच आहे. घरबांधणीवर नियमन ठेवणाऱ्या २०१६ च्या त्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये राज्याच्या प्राधिकरणानं, म्हणजे आपल्याकडे महारेरानं, सरकारला कशाकशाची शिफारस करावी याची यादी आहे, आणि त्यात प्रकल्पांची आणि प्रवर्तकांची प्रतवारी व्हावी असं चक्क लिहिलंय. कायदा पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ ला. २०२३ मध्ये महारेरानं प्रकल्पांच्या प्रतवारीचा आराखडा मांडला. प्रकल्पाची सर्वसाधारण माहिती, तांत्रिक, आर्थिक आणि कायदेशीर बाजू तपासायची, जानेवारी २०२३ नंतर नोंदलेल्या प्रकल्पांपासून सुरुवात करायची आणि दर सहा महिन्यांनी निकाल लावायचा, अशी ती कल्पना.

“कल्पना चांगलीच आहे,” काकू म्हणाल्या, “पण यातले बरेच मार्क कागद वेळेवर भरल्याचे. तिमाही अहवाल टाकला, मार्क. सीएचं प्रमाणपत्र टाकलं, मार्क. ज्याच्याकडे चार कारकून आणि एक चांगला सल्लागार, तो पहिला येणार. छोटा बिल्डर, स्वतः साईटवर उभा राहून काम करणारा, तो फॉर्म भरण्यात मागे पडणार.”

“काहीतरी बोलू नका,” अण्णा उसळले. “जो फॉर्म भरत नाही तो पुढे हिशेबही देत नाही. मी पाहिलीत ना माणसं. २०२४ च्या अखेरीस महारेरानं दहा हजार सातशे त्र्याहत्तर प्रकल्पांना नोटिसा काढल्या. कशासाठी? पूर्ण करायची तारीख उलटून गेली आणि प्रकल्प झाला, की रखडला, की मुदतवाढ हवी, काही कळवलेलंच नाही! दहा हजार! साधी तारीख पाळता येत नाही आणि कळवताही येत नाही.”

यावर काकूंनी हार मानली नाही, पण विषय बदलला. तेवढं त्यांच्या बाबतीत पुरेसं आहे.

चिरंजीव तेव्हा अंघोळ करून बाहेर आले होते. काकूंनी त्याला हाक मारून मोबाइल काढायला लावला. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. पत्रकाच्या मागच्या पानावर, अगदी कोपऱ्यात, तो होता. पोरानं तो स्कॅन केला. महारेराचं पान उघडलं.

“वाच. प्रवर्तकाचं नाव काय?”

त्यानं वाचलं. पत्रकावर मोठ्या सोनेरी अक्षरात होतं ते नाव नव्हतंच. कुठलीतरी एलएलपी होती, इंग्रजी नाव, शेवटी ‘रिअल्टी’.

“आधीच्या प्रकल्पांचा अनुभव?”

“काही दाखवत नाही.”

“तक्रारी?”

“शून्य!” तो आनंदानं म्हणाला.

“अरे, जन्मच परवाचा. तक्रार कोण करणार?”

ही ती गोम. बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी नवी भागीदारी किंवा नवी कंपनी काढतात. त्यात बेकायदा काहीच नाही. जमीनमालक वेगळे, पैसे घालणारे वेगळे, हिशेब वेगळा राहावा हे कारणही खरं आहे. उलट एका प्रकल्पाचं दुखणं दुसऱ्याला लागू नये म्हणून ते शहाणपणाचंही आहे. पण त्यामुळे मार्कांच्या वहीत दरवेळी नवं पान येतं. मोठ्या नावाखाली पंधरा प्रकल्प, आणि त्यातल्या तीन ठिकाणी लोक ताब्यासाठी भांडतायत, तरी सोळाव्याच्या पानावर शून्य तक्रारी. मार्क द्यायचेच असतील तर एलएलपीला देऊन उपयोग नाही. तिच्यामागे सह्या करणाऱ्या माणसांना द्यायला हवेत.

“स्थळ बघताना आपण मुलाचं पॅनकार्ड बघतो का?” काकू म्हणाल्या. “घराणं बघतो. या एलएलपीचे भागीदार कोण ते बघ, त्याच पानावर असतात. मग त्या नावांनी शोध, आधी आणखी कुठे कुठे संसार मांडलाय ते. आणि जमीनमालकही बघ. महारेरा त्यालाही प्रवर्तकच धरतं.”

पोरानं दोन भागीदारांची नावं शोधली. एकाचा पत्ता नाही. दुसरा खराडीच्या एका जुन्या प्रकल्पात निघाला, पी ५२१ नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. जुन्या क्रमांकांत ५२१ म्हणजे पुणे जिल्हा. तिथे पूर्णत्वाची मूळ तारीख एक आणि सुधारित तारीख वेगळी. चांगला दोन वर्षांचा फरक. खाली तक्रारी होत्या, आणि दोन आदेशांच्या पीडीएफ.

“बघ,” काकू म्हणाल्या, “हे खरे स्टार. पण ते एका ओळीत छापून येत नाहीत, उकरावे लागतात.”

अण्णा निवृत्त झाले असले तरी खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, “दोन वर्षं उशीर म्हणजे लगेच चोर नाही. त्यात करोना असेल. महारेरानं स्वतःच तेव्हा दोन लाटांमध्ये मिळून वर्षभर वाढ दिली होती. आणि आमच्याकडे परवाना कसा निघतो हे मला विचारू नका.”

“विचारतेच,” काकू.

“नका विचारू.”

तेवढ्यावर ते थांबले. पण बिल्डरची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून मीच सांगते. पर्यावरणाची परवानगी अडते, अग्निशामकाचं प्रमाणपत्र अडतं, विकास आराखडा बदलतो, टीडीआरचे भाव उड्या मारतात. उशिराचे सगळे मार्क बिल्डरचे कापायचे आणि टेबलांवर फाइल बसवून ठेवणाऱ्यांचे कुणी कापायचे नाहीत, हे काही बरोबर नाही. त्यांचीही प्रतवारी काढा म्हटलं तर अण्णांचं श्रवणयंत्र बंद पडतं.

मग आला पाण्याचा विषय. पुण्यात घराची गोष्ट पाण्यावाचून संपत नाही. वाघोली महापालिकेत आली ती २०२१ मध्ये, तेवीस गावांबरोबर. त्याआधी २०१७ ला अकरा गावं आली होती. गावं एका अधिसूचनेनं येतात, पाइप मात्र त्या वेगानं येत नाही. प्रकल्पाला परवाना देताना बिल्डर हमीपत्र लिहून देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की टँकरचं बिल कुणाच्या नावावर येतं ते विचारायला नको.

अण्णा म्हणाले, “बाणेर-बालेवाडीत २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं नव्या बांधकाम परवान्यांनाच चाप लावला होता, पाणी नाही म्हणून. स्मार्ट सिटीचा तो भाग, बरं का! त्या वेळच्या जाहिराती काढून बघा, सगळीकडे तरणतलाव.”

“म्हणजे पोहायला पाणी, प्यायला टँकर,” मी म्हटलं.

“आणि पोराला विचार,” काकू म्हणाल्या, “या वाघोलीवाल्याच्या माहितीपत्रकात पाण्याबद्दल काय आहे?”

पोरानं चाळलं. दोन तरणतलाव होते. एक लहान मुलांसाठी.

काकूंची मुलगी सिडनीला असते. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि सोमवारी तिची बातमी भिंतीवरून आमच्याकडे येते. तिथे २०१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ओपल टॉवर नावाची नवीकोरी इमारत तडकली. लोकांना सण सोडून बाहेर काढलं. सहा महिन्यांत दुसरी, मॅस्कॉट टॉवर्स, तीही रिकामी करावी लागली. साहेबाच्या देशात इमारती तडकतात हे ऐकून आम्हाला उगाच बरं वाटलं होतं, ते खोटं कशाला बोला. मग तिथल्या सरकारनं बांधकाम आयुक्त नेमला, आणि बिल्डर, कंत्राटदार, अभियंते यांना सोनेरी स्टार द्यायची एक पद्धत निघाली. भांडवल, आधीचं काम, माणसं, वाद, सगळं तपासायचं, आणि मागचे भागीदार कोण होते तेही उकरायचं. आपल्याकडच्या एलएलपीच्या दुखण्यावर औषध तेच.

“तीन स्टार किंवा वर असेल त्यांचीच नावं यादीत लावतात,” काकू म्हणाल्या.

“आणि ज्यांना दोन मिळाले त्यांची?” अण्णांनी विचारलं.

“त्यांची नाही लावत.”

“मग काय उपयोग? आमच्या शाळेत नापासांची यादी आधी लावायचे.”

मला अण्णांचं म्हणणं पटतं. घर घेणाऱ्याला सर्वोत्तम बिल्डर कोण हे कळलं नाही तरी चालेल. कुणाच्या वाटेला जाऊ नये, हे कळायला हवं. पण तसं नाव घेऊन लिहायची सोय नाही. अब्रुनुकसानीची नोटीस येते, आणि ती मात्र वेळेवर येते. म्हणून तर या भिंतीला महत्त्व. इथे नावं घेतली जातात. आमच्या आधीच्या सोसायटीच्या बिल्डरनं इमारतीचा कन्व्हेयन्स केला नाही, जमीन स्वतःच्याच नावावर ठेवली, आणि पुढे वाढीव एफएसआय आला तसा मोजणीदार घेऊन हजर झाला. त्याचं नाव मी या भिंतीवर किती वेळा घेतलं असेल! छापायला मात्र ते देत नाही.

कन्व्हेयन्स हा शब्द निघाला की काकू पदर खोचतात. त्यांच्या मते बिल्डरला मार्क द्यायची खरी परीक्षा इथेच. कायदा १९६३ पासून आहे, मोफा; सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून द्यायची. बिल्डर करीत नाहीत म्हणून सरकारला मानीव अभिहस्तांतरणाची वेगळी वाट काढून द्यावी लागली. “ज्याची घरं विकून झाली, पैसे खिशात आले, आता त्याला तुमच्याकडून काहीच नकोय, तेव्हा तो कसा वागतो ते बघायचं. जिने चढून त्याच्या जुन्या इमारतीत जायचं. सॅम्पल फ्लॅट बघून काय कळतं? तिथे पलंगसुद्धा पाच फुटांचे ठेवतात, खोली मोठी दिसावी म्हणून. जुन्या इमारतीत सेक्रेटरीला भेटायचं. कन्व्हेयन्स झाला का, देखभालीची ठेव व्याजासकट सोसायटीला दिली का, भोगवटापत्र सगळ्या विंगना आहे का, की एकाला आणि बाकीच्यांना आज-उद्या? दुसऱ्या पावसाळ्यात गळलं तेव्हा माणूस पाठवला का? रेरात पाच वर्षं संरचनेतला दोष त्यानं फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे, हे त्याला आठवण न करता ठाऊक होतं का?”

“आणि पार्किंग,” अण्णा.

“ते तर आहेच. स्टिल्ट पार्किंग विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलंय. तरी विकतात, नाव बदलून विकतात.”

“वॉचमनला विचारायचं,” मी माझी भर घातली. “सेक्रेटरी सोसायटीची अब्रू सांभाळतो. वॉचमन टँकर मोजतो.”

यावर काकूंनी माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं, असं मला वाटलं.

आता गप्पांचेही काही गुण कापायला हवेत. काकूंनी एका बिल्डरला कायमचा शून्य दिलाय, तो कोपऱ्यावरचा शिरीष त्यानं रात्रीत तोडला म्हणून. बांधकाम त्याचं चांगलं आहे, ताबाही वेळेत दिला असं ऐकलंय, पण काकूंच्या वहीत तो नापास. दुसरा एक बिल्डर बुडाला अशी बातमी आमच्या भिशीत पक्की झाली होती, कारण त्याचं कर्वे रस्त्यावरचं ऑफिस बंद झालं. त्यानं ते बाणेरला मोठं केलं होतं. तेव्हा भिंतीवरचं नाव ऐकायचं आणि महारेराच्या पानावर पडताळायचं. महारेराचं पान कोरं दिसलं तर भिंतीकडे यायचं. एकट्या कशावरही ऐंशी लाख लावू नयेत.

चिरंजीवांचा धीर सुटत चालला होता. “म्हणजे घेऊच नको का?”

“घे की!” काकू म्हणाल्या. “आमच्या वेळेपेक्षा तुला किती आहे! घेणाऱ्यांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, काम जेवढं झालं तेवढेच काढायचे, तेही आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांनी लिहून दिल्यावर. जुलै २०२४ पासून तीन खाती सक्तीची केली, त्यामुळे पैसा कुठून कुठे गेला ते दिसतं. डीएसकेंचं सगळं चाललं होतं तेव्हा हे कुठे होतं? ताबा लांबला तर स्टेट बँकेचा जो सगळ्यात वरचा दर असेल त्यावर दोन टक्के व्याज मागता येतं. तक्रारीची फी पाच हजार. आदेश मिळतो. वसुलीचं वॉरंट कलेक्टरकडे जातं.”

“आणि कलेक्टरकडून तहसीलदाराकडे,” अण्णा हळूच म्हणाले.

“आणि मग तिथेच चहा पितं. ते खरंय. म्हणूनच तिथपर्यंत जायची पाळी येऊ नये. टोकन किती मागतायत?”

“वीस टक्के. पण आज दिलं तर फ्लोअर राइज माफ.”

काकूंनी भिंतीवर हात आपटला. “दहा टक्क्यांच्या वर एक पैसा घेता येत नाही नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय! रेराचं तेरावं कलम. बघ, झाली की नाही त्याची प्रतवारी, काहीही न उकरता! सात स्टारवाला पहिल्याच दिवशी कायदा मोडायला सांगतोय.”

पोरानं तिथेच, आमच्या देखत, सेल्सच्या मुलीला फोन लावला. स्पीकरवर ठेवायला काकूंनीच सांगितलं. बिचारी गोड बोलत होती. करारनाम्याचा मसुदा आधी वाचायला मिळेल का? “सर, बुकिंगनंतर देतो.” एलएलपीचा एक भागीदार खराडीच्या जुन्या प्रकल्पात होता ना? “सर, ते मॅनेजमेंटला विचारावं लागेल.” पाणी? “सर, बोअर आहे, आणि कॉर्पोरेशनचं लवकरच येतंय.” वीस टक्के? “सर, ते सगळे देतात.” आणि मग ती जरा घाईनं म्हणाली, “सर, पण ही ऑफर रविवारपर्यंतच आहे हां.”

“म्हणावं, रविवारी आम्ही खराडीला तुमच्या जुन्या इमारतीत जातोय,” काकू फोनकडे वाकून म्हणाल्या. “सोमवारी येतो.”

पलीकडून काही उत्तर आलं नाही. अण्णांनी विचारलं, खराडीला जाताना गाडीत चौथी जागा आहे का.